मले पुसलास काऊन नाही?

खेमराज,

तुझ्या शोकसभेत सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. पाटील, तुम्ही तर त्याचे लहानपणचे मित्र, चार शब्द तुम्हीच बोला, असं म्हणाले. समाजमंदिरात सतरंजीवर गाव बसलं होतं. शामकला वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उठलो नाही. घसा बसल्याची खूण केली आणि खाली पाहिलं. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन झाला नाही. दुःख होतंच गा, पण मला खाली बसवून ठेवलं ते शरमेनं. तुझ्या बायकोसमोर तुझ्याबद्दल चांगलं बोलायला तोंड कुठून आणू?

आपण एका बाकावर शिकलो, गावच्या एकाच बोडीत, त्या लहान तळ्यात, पोहायला शिकलो. मी गावचा पोलीस पाटील झालो तेव्हा तू नागपूरला गाड्यांच्या गॅरेजात होतास. परत आलास, घरची धानाची शेती, साऱ्या बांध्या, ठेक्यानं दिल्यास आणि रस्त्याकडेला टिनाचं शेड टाकलंस. बांध्या दिल्या म्हणून वैनी कित्येक दिवस तुझ्याशी धड बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, तू ट्रॅक्टर दुरुस्त करशील. पण तुझ्याकडे येऊ लागल्या गोंदियाच्या राइस मिलवाल्यांच्या, ठेकेदारांच्या पोरांच्या गाड्या. टर्बोच्या. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. दाबली की हवा तापते, तापलेल्या हवेनं इंजिन मार खातं. म्हणून हवेच्या वाटेत पाणी आणि मिथेनॉलचा बारीक फवारा सोडायचा. हवा थंड होते, गाडीला जोर येतो. तो फवारा मारणारा पंप बसवायचा, त्याची निगा राखायची, वेळच्या वेळी तपासायचा, हे तुझं काम. धानावर फवारणीचा बॅटरीचा पंप असतो ना, त्याचाच हा शहरात शिकलेला भाऊ, असं तू सांगायचास.

आज मला हे सगळं सांगता येतं. तेव्हा मला फक्त निळे कॅन दिसले होते.

त्या दिवसांत टीव्हीवर कुठल्या तरी दूरच्या गावची बातमी सारखी दाखवत होते. विषारी दारूनं माणसं गेली होती आणि त्या दारूत मिथेनॉल होतं. आपल्याकडे मोहाची दारू कोण गाळतो हे साऱ्या गावाला ठाऊक. त्यात तू नव्हतास, हेही ठाऊक. तरी पिंपळाखाली कोणी तरी म्हणालं, खेमराजच्या शेडात कॅन उतरून राहिले, वर कवटीचं चित्र आहे. बोलता बोलता कॅनचे ड्रम झाले. बायका माझ्या घरी आल्या, पाटील, आमच्या माणसांचा काय होईल, म्हणाल्या. मी मोटरसायकल काढून तुझ्या शेडासमोरून गेलो. दार उघडं होतं. तू पाठमोरा बसून काही तरी गाळत होतास. पंपाची जाळी धुऊन घेत होतास, हे आता कळतं. मी वेग कमी केला, पण थांबलो नाही. पुढे नहराजवळ उभा राहिलो आणि ठाण्यात फोन लावला.

जीप भर दुपारी आली. धानाची रोवणी सुरू होती. वैनी दुसऱ्याच्या बांधीतून धावत आल्या त्या हातापायाच्या चिखलासकट. घरात शिरून त्यांनी तुझ्या कागदांची पिशवी आणली, तोवर जीप निघून गेली होती. तुला मागच्या बाकावर बसवलं होतं, पायाशी कॅन. तू कोणाकडे पाहिलं नाहीस. मी पिंपळाखाली उभा होतो. वैनींनी ती पिशवी माझ्याच हातात दिली. "भाऊजी, तुमी पाटील आहा. हे नेऊन दाखवा ना," म्हणाल्या. फोन कोणी केला हे त्यांना अजून माहीत नव्हतं. मी पिशवी घेऊन ठाण्यात गेलो. बिलं होती, परवाना होता, सगळं जागच्या जागी होतं. ठाण्यातल्यांनी कागद पाहिले, तुला चहा पाजला आणि संध्याकाळच्या आत सोडलं. फोन कोणी केला हे तुला ठाण्यात कळलं होतं. तू माझ्या मोटरसायकलवर बसला नाहीस. बसनं आलास.

बसस्टॉपवरून तुझी वाट माझ्या घरावरून जाते. मी ओट्यावर बसलो होतो. तू थांबलास.

"खबर देलीस, ते बरोबर केलास," तू म्हणालास. "पन मले एक डाव पुसलास काऊन नाही?"

मी म्हणालो, "पुसलो असतो, तर तू माल हलवला असतास."

"माल," एवढंच तू म्हणालास. मग निघून गेलास.

दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्यासाठी पाटील झालो. लहानपणापासून मला दिवाकर म्हणणारा, शिव्या घालणारा तू मला तुम्ही म्हणू लागलास. गाव मात्र माझ्यावर खूश होतं. पाटील मित्रालाही सोडत नाही, म्हणत. मला ते गोड लागलं, खोटं कशाला सांगू? तुझ्याकडे काही सापडलं नाही, याचा अर्थ गावानं असा लावला की तू सुटलास. सुटलास, तुझ्याकडे काही नव्हतंच, असं कोणी म्हणालं नाही. ते म्हणायचं काम माझं होतं. मी गावच्या प्रत्येक बैठकीला हजर असतो, झाडाच्या फांदीवरून झालेल्या भांडणातही चार शब्द बोलतो. हे मात्र बोललो नाही.

मग एकदा किराणा दुकानात तू मला गाठलंस. चारचौघांसमोर, हसत. "येत जा पाटील, पाहून जात जा. घडी घडी जीपचा डिझेल कायले जाळता?" लोक हसले. मी आलो. मैत्रीसाठी आलो असं आज लिहावंसं वाटतं, पण मी आलो तो नजर ठेवायला.

पहिल्याच दिवशी तू मला अंगणात उभं केलंस. लोखंडी झाकणात झाकणभर मिथेनॉल ओतलंस, काडी लावलीस आणि दिसते का, म्हणून विचारलंस. उन्हात काहीच दिसेना. मी हात पुढे करू लागलो तसा तू माझं मनगट धरलंस आणि धानाच्या तणसाची एक काडी झाकणावर धरलीस. काडी भुर्रकन पेटली. म्हणून दारात कायम पाण्याची बालटी, म्हणून शेडाची दोन्ही दारं उघडी, म्हणून हातात मोजे. तू गंमत दाखवत होतास. मी मात्र तुझ्या पकडीतून मनगट सोडवून घेताना विचार करत होतो, की इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला मी जीपमध्ये बसवलं.

पुढे माझं येणं सवयीचं झालं. तू मला कामाला लावलंस. गाडीच्या नळीतून फवाऱ्याचं तोंड काढायचं, काचेच्या बरणीत धरायचं, साधं पाणी भरून पंप बॅटरीवर चालवायचा. मी घड्याळ पाहायचो. ठरलेल्या वेळात पाणी बरणीवरच्या रेघेला टेकलं पाहिजे. मग पंप बंद करायचा आणि तोंडाकडे पाहत बसायचं. एक थेंब जरी गळला तरी आतली झडप गेली. गाडी उभी असताना तो थेंब इंजिनात उतरणार. मिथेनॉल रबर खातं, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पंप साध्या पाण्यानं धुऊन ठेवायचा. एका मिलवाल्याच्या पोरानं टाकीत नळाचं पाणी भरलं होतं आणि फवाऱ्याचं तोंड पांढऱ्या खारानं बुजलं होतं. त्याला तू असं झापलंस की तो गाडी सोडून पायी निघाला. तुझं तोंड वाईटच होतं. गाडी आज देतो म्हणायचास आणि आठवडा काढायचास. माझ्याशी कापूस आणि धानावरून वाद घालायचास, आणि हरायला लागलास की पंप सुरू करायचास, म्हणजे मला बोलता येऊ नये.

एकदा मी म्हणालो होतो, पंप चालतो आहे, आता आणखी काय पाहायचं? त्यावर तू म्हणालास, "चालते का, हे कोनीही पाह्यते. बंद पडला तर गाडी काय करते, ते पाहा लागते." आणि मुद्दाम नळी काढून दाखवलीस. फवारा थांबला की गाडीनं आपला जोर आपणच कमी केला पाहिजे, नाही तर इंजिन जळून जाईल. ती तपासणी झाल्याशिवाय तू चावी कोणाच्या हातात देत नव्हतास.

आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडची वारी तुझ्या लक्षात असेलच. अर्जुनी मोरगावकडच्या ठेकेदाराची गाडी पोचवायची होती. लांबची चाचणी होईल म्हणून तू मला बरोबर घेतलंस. दाबाच्या काट्याकडे पाहा आणि फवारा सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला की सांगा, हे माझं काम. मोकळा रस्ता लागला, तू पाय दिलास, दिवा लागला आणि गाडीनं अशी उसळी घेतली की मी ओरडलो. भीतीनं नाही, आनंदानं. तू इतका हसलास की गाडी बाजूला घ्यावी लागली. लहानपणी बोडीच्या पाळीवरून उडी मारताना आपण असे हसायचो.

गडाच्या पायथ्याशी चहा घेतला. वर देवळाकडे आणि दर्ग्याकडे माणसं चढत होती. तू कप हातात घेऊन त्यांच्याकडे पाहत होतास. मग माझ्याकडे न पाहताच बोललास.

"आता पुस."

"काय?"

"जे तेव्हा पुसाचा होता, ते."

किती दिवसांनी तू माझ्याशी एकेरीत बोलला होतास. मला काय विचारायचं होतं ते मला चांगलं कळलं. खेमराज, कॅनात काय आहे? एवढंच तर होतं. उत्तर मला तोंडपाठ होतं, फक्त विचारायचं होतं. पण ते विचारलं असतं, तर त्या दिवशी आपण विचारलं नाही हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "चहा थंडा होऊन राहिला, घे."

तू थोडा वेळ वाट पाहिलीस. मग कप तोंडाला लावलास. गाडी पोचवून येताना रेल्वेत तू समोरच्या माणसाशी धानाबद्दल बोलत राहिलास, आणि आपलं आमगाव स्टेशन आल्यावर मला म्हणालास, "चला पाटील, उतरा."

आपला वाद तिथे संपायचा होता. तो मी संपवू दिला नाही. पोलीस पाटलानं खबर द्यायचीच असते, असं मी तुला किती तरी वेळा ऐकवलं, आणि दर वेळी तू मान डोलावलीस. खबर देण्याबद्दल तुझं म्हणणंच नव्हतं. मी ज्याचं उत्तर देत होतो तो प्रश्न तू कधी विचारलाच नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते तुला माहीत नाही. तू शेडात, टेबलाजवळ पडला होतास. वैनी जेवायला बोलवायला आल्या आणि त्यांनी पाहिलं. अचानक गेलेल्या माणसाची खबर द्यायचं कामही माझंच. या वेळी मी आधी शेडात गेलो. दोन्ही दारं उघडी होती. कॅनचं झाकण घट्ट होतं. हातात मोजे होते. बरणी आडवी झाली होती आणि तिच्यातलं पाणी सांडलं होतं. पाणीच होतं ते, मी बोट लावून वास घेतला होता. ठाण्यातून जमादार आले. त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पाटील, तुमचं जाणंयेणं होतं. हा स्पिरिट वगैरे घेत होता का?"

खेमराज, मी नाही म्हणायला हवं होतं. तू सुपारीसुद्धा खात नव्हतास. माझ्या मनात नाही हेच होतं. पण पाटलाच्या तोंडाला एक वळण पडलेलं असतं. उद्या काही निघालं तर आपला शब्द अडकू नये, असं ते वळण. मी म्हणालो, "पोस्टमार्टममध्ये येईल ते खरं."

बाहेर माणसं जमली होती. वैनी दारात होत्या. त्यांनी ऐकलं. रडता रडता त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं.

हृदय बंद पडलं होतं. तपासणीत दुसरं काही निघालं नाही. पण तो निकाल येईपर्यंत गावानं आपला निकाल लावला होता. स्पिरिटचा वास छातीत बसला, म्हणाले. पहिलेही पोलीस आलेच होते ना त्याच्याकडे, म्हणाले. माझा जुना फोन आणि माझं नवं वाक्य, दोन्ही जोडून लोकांनी तुझ्या मरणाची गोष्ट तयार केली. शोकसभेत मी बसून राहिलो तो त्यामुळे.

त्यानंतर गोंदियाहून तुझा एक ग्राहक आला. राइस मिलवाल्याचा मोठा मुलगा. त्याची गाडी तुझ्या शेडात तशीच उभी होती. भला माणूस आहे. वैनींसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "भाभीजी, पंप टेस्ट हुआ था क्या? भैया बिना टेस्ट के गाड़ी देते नहीं थे।" वैनींनी मला बोलावणं पाठवलं. मी गेलो. मला वाटलं, त्या काही बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "तुमी रोज पाहात होते. करून द्या."

शेडाची दोन्ही दारं उघडली. लांबून आलेली मोठी गाडी पाहून माणसं जमली. मी मोजे घातले, साधं पाणी भरलं, फवाऱ्याचं तोंड बरणीत धरलं आणि पंप चालू केला. घड्याळ पाहायला कोणी नव्हतं, मीच पाहत होतो. वेळ झाली तेव्हा पाणी रेघेच्या बरंच खाली होतं. पुन्हा केलं, तेच. बंद केला तर तोंडातून थेंब सुटला, मग आणखी एक. मी त्या मुलाला सांगितलं की पंप ठीक नाही. तो म्हणाला, थोडा कम है तो चलेगा ना? मी नाही म्हणालो. तार सोडवून पंप काढून ठेवला, टर्बोचा जोर अगदी खाली उतरवला आणि हळू चालवत ने, असं सांगितलं.

त्याच वेळी गर्दीतला एक जण मागच्या माणसाला म्हणाला, "याच वासानं गेला ना गा खेमराज?"

हळूच म्हणाला होता. मी ऐकलं नाही असं दाखवू शकलो असतो. मी मोजे काढले. म्हणालो, "नाही. हृदयानं गेला. कॅनाचा झाकन बंद होता, मी सोता पाह्यलो. तो स्पिरिट पीत नव्हता, विकत नव्हता. जमादारानं मले पुसला, तेव्हाच नाही म्हणाचा होता. म्हणालो नाही." मग जुनंही सांगितलं. "त्या वर्षी जीप आली होती, तो फोन मी केलो होतो, हे तुमाले मालूम आहे. पन त्याच्या कागदात काही खोट नव्हती. ठाण्यात ती पिशवी मीच नेली होती, मले मालूम होता. तुमाले कधी सांगितलो नाही."

एका म्हाताऱ्यानं विडी काढली, बालटीकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली. थोड्या वेळानं माणसं पांगली. किती जणांनी मनावर घेतलं, मला सांगता येत नाही. ज्याला ऐकवायचं होतं तो तिथे नव्हता. मी बोललो म्हणून मोकळा झालो, असंही झालं नाही. तसाच घरी आलो.

पण त्याआधी एक झालं. तो मुलगा गाडी घेऊन गेल्यावर वैनी आत आल्या. काढलेला पंप टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, पदरानं पुसला आणि दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "काय बिघडला असंल याच्यात?"

आतला रबर गेला असेल, असं मी ठोकून देऊ शकलो असतो. नाही तर झडप. त्यांनी खरं मानलं असतं. मी त्या पंपाकडे पाहिलं. आत काय आहे ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"मले मालूम नाही, वैनी," मी म्हणालो.